काट्यावर पैसे

२०२४च्या एप्रिलमधला गुरुवार, दुपारचे सव्वाबारा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीईओंचा मेसेज पडला : “पुण्याला पाठवलेल्या तूरडाळीचा रिपोर्ट आला. लॉट फेल आहे. कोणीतरी फवारणीची तूर घातली आहे. नाव शोधून कारवाई होईल.” ग्रुपवर अडीचशेच्या वर सभासद. रिपोर्ट ईमेलवर येऊन तेव्हा जेमतेम अकरा मिनिटं झाली होती. चौदा पानांचा तो कागद अकरा मिनिटांत कुणाच्यानं वाचून होत नाही. सीईओंनी पहिल्या पानावरचा शेरा तेवढा वाचला होता.

संध्याकाळपर्यंत नाव ‘सापडलं’ होतं.

कंपनी कळंब-राळेगाव पट्ट्यातली. तिचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. ओळख पटू नये म्हणून कंपनीचे काही आकडे किंचित इकडेतिकडे केलेत. संचालक मंडळाला मी तीन वर्षं अधूनमधून सल्ला देत होतो. या घोळात माझाही हात आहे, तो पुढे येईलच.

शब्दावर चालणारी कंपनी

हा सगळा पराटीचा, म्हणजे कापसाचा मुलूख. इथं तुरीला वेगळं वावर क्वचितच मिळतं. पराटीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचं एखादं तास, अशीच पेरणी. सेंद्रिय तूर पिकवायची तर पहिली अडचण इथंच येते. बीटी बियाणं म्हणजे जनुक बदललेलं, ते सेंद्रियात चालत नाही आणि बिगर-बीटी कापसाचं बियाणं दुकानात सहज मिळत नाही. म्हणून कंपनीच्या सभासदांनी तूर हळूहळू कापसातून काढून सोयाबीन आणि ज्वारीत नेली. ऐकायला सोपं वाटतं, पण कापसाखालचं एक-दोन एकर सोडायचं म्हणजे घरात भांडण असतं.

ते भांडण घरोघरी जाऊन ज्यांनी मिटवलं त्या अध्यक्ष. वय पन्नाशीच्या पुढे, शाळा सातवीपर्यंत, सगळा तालुका त्यांना काकू म्हणतो. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. काकूंच्या दिराचा मुलगा त्या भरती झालेल्यांत होता. तो वाचला. त्यानंतरच्या हंगामात काकूंच्या वावरात पंपात विष भरलं गेलं नाही, आणि बचत गटातल्या बायकांना त्या एवढंच विचारायच्या, “तुह्या घरी पंप कोण उचलते?” उत्तर बहुतेक वेळा नवरा किंवा पोरगा असंच असायचं. त्या प्रश्नातून जमलेल्या बायका आणि मागाहून आलेले त्यांचे नवरे मिळून ३१२ सभासदांची कंपनी उभी राहिली.

कंपनीचं प्रमाणपत्र पीजीएसचं, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचं. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, गटातल्यांनी एकमेकांची वावरं तपासायची, सही करायची. बाहेरचा निरीक्षक नेमण्याच्या मानानं हे स्वस्त पडतं आणि देशातल्या विक्रीला पुरतं. त्याचा पाया एकच, शेजारी शेजाऱ्याविषयी खरं सांगेल हा भरवसा.

दुसरा पाया काकूंनी घातलेला : काट्यावर पैसे. माप झालं की त्याच दिवशी पूर्ण रक्कम. व्यापाऱ्याकडे हमाली, तोलाई, कडता (वजनातली कपात) आणि मग “पुढच्या बाजारी या” हे ज्यानं सोसलंय त्याला या तीन शब्दांची किंमत कळते. २०२४च्या जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचा बाजार क्विंटलला नऊ-दहा हजारांच्या घरात होता. हमीभाव ७,००० होता, म्हणजे त्या वर्षी त्याला कुणी विचारतही नव्हतं. कंपनीनं ९,५०० बाजारभाव धरून वर ७०० रुपये दिले आणि ४१ शेतकऱ्यांकडून ९० क्विंटल तूर घेतली. ९ लाख १८ हजार रुपये, सगळे काट्यावर. त्यातले ८ लाख कर्जाचे.

सीईओ २७ वर्षांचे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे पदवीधर. सभासद त्यांना सर म्हणतात, त्यांच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा. मुलगा कामसू. हिशेब त्याच्याइतका स्वच्छ ठेवणारा मी या पट्ट्यात दुसरा पाहिलेला नाही. कंपनी केंद्राच्या १०,००० एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेतली. त्या योजनेत तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो आणि सीईओचा पगार त्यातूनच निघतो. तिसरं वर्ष संपत आलं होतं. पुढचा पगार डाळीच्या नफ्यातून निघणार होता आणि गेल्या वर्षी सगळं वजा जाता उरले होते १ लाख १० हजार. त्या गुरुवारी सरांनी ईमेल उघडला तेव्हा त्यांच्या डोक्यात हे सगळं असणार, असं मी धरून चालतो. मेसेज चुकीचाच होता, पण तो उर्मटपणातून आला नव्हता, घाबरून आला होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सांगितलं.

दाजी

ज्यांच्यावर बोट गेलं त्यांना सगळे दाजी म्हणतात. वय ६१. गटातर्फे दुसऱ्यांची वावरं तपासायला जाणाऱ्यांत ते सगळ्यांत काटेकोर. एकाच्या धुऱ्यावर (बांधावर) तणनाशकाचा रिकामा डबा सापडला म्हणून त्याची सही त्यांनी वर्षभर रोखली होती. अशा माणसाबद्दल गावात दबलेला राग असतोच. त्यांच्या वावराला लागून दुसऱ्याची बीटी पराटी, तिच्यावर हंगामात पाच-सहा फवारे. दाजींनी मध्ये ज्वारीचा पट्टा सोडला होता, तरी “तिकडून उडालं असन” म्हणायला जागा होती. त्यात कुणीतरी लिहिलं की नोव्हेंबरात दाजींच्या पाठीवर पंप पाहिला होता.

पंप पाहिला असणारच. सेंद्रियात चालणारा निंबोळी अर्क काय तळहातानं शिंपडतात? पण त्या दिवशी ग्रुपवर हे कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी सर दोन संचालकांना घेऊन दाजींच्या घरी गेले. पंपाचे, कोठ्याचे, धुऱ्याचे फोटो काढले. दाजी ओसरीवर बसून होते. त्यांनी एवढंच म्हटलं, “सर, मले आधी विचारायचं होतं ना. फोटो मंग काढा लागत होते.” सरांनी उत्तर दिलं की प्रक्रिया सगळ्यांना सारखी आहे. हे वाक्य मला नंतर सरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. कारण बाकीच्या चाळीस घरी ते गेले नव्हते.

काकू या वेळी पांढरकवड्याकडे भाचीच्या लग्नात होत्या. लग्नघरी फोन कोण बघतं? त्यांना हे कळलं शनिवारी रात्री, तेही दाजींच्या सुनेकडून. कंपनीत दहा संचालक आहेत. गुरुवार दुपार ते शनिवार रात्र यात एकानंही “थांबा, काकू येऊ द्या” असं ग्रुपवर लिहिलं नाही, किंवा काकू नसताना आपण काय ते ठरवू असंही म्हटलं नाही. संस्थापक एवढा मोठा झाला की बाकीचे संचालक सही करणारे उरतात. विदर्भातल्या सेंद्रियच्या कितीतरी संस्थांत मी हे पाहिलंय. संस्थापकाची पुण्याई मोठी असते, दुसऱ्या फळीतल्या माणसाला मात्र बैठक बोलवायचीही सवय नसते. काकूंनी ती लावली नव्हती. हा दोष त्यांनी नंतर स्वतः बोलून दाखवला, पण तीन दिवस त्याचा भार दाजींनी वाहिला.

रिपोर्टचं नववं पान

सोमवारी सकाळी मंडळाची बैठक ठरली. मीही गेलो होतो. बैठक सुरू व्हायच्या आधी कंपनीचा मापारी चहा घेऊन आला. पूर्वी त्यानं बाजार समितीत आणि व्यापाऱ्यांच्या गोदामांत वीस वर्षं हमाली केलेली. टेबलावर रिपोर्ट पडला होता. मी तो चाळत होतो. दोनशेच्या वर रसायनांची यादी, प्रत्येकापुढे ‘आढळलं नाही’, आणि नवव्या पानावर एकापुढे आकडा. मी नाव वाचलं, मॅलेथिऑन. मापाऱ्यानं किटली खाली ठेवली.

“हे वावरातलं नाही जी. हे थप्पीवर मारतेत. गोदामात.”

खोलीत कुणी काही बोलेना. सर म्हणाले की मॅलेथिऑन पिकांवरही मारतात. ते खोटं नाही. पण तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आज आमच्याकडचा शेतकरी कृषी केंद्रात जातो तेव्हा इमामेक्टिन नाहीतर तसलंच नवं औषध मागतो. पराटीवरून उडून आलं म्हणावं तर पराटीवरच्या दहा औषधांपैकी एकाचाही मागमूस रिपोर्टात नव्हता. फक्त मॅलेथिऑन. साठवणुकीच्या गोदामांत भिंतींवर आणि पोत्यांच्या थप्प्यांवर किडीसाठी जे फवारतात त्यातलं हे अगदी नेहमीचं.

आता माझा हात. कंपनीला स्वतःचं गोदाम नाही. तालुक्याच्या गावी एका व्यापाऱ्याच्या गोदामाचा अर्धा भाग भाड्यानं घेतला होता, मध्ये ताडपत्रीचा पडदा. भाडेकरार मी वाचून दिला होता. त्यात एक कलम होतं, ‘कीडनियंत्रणाची जबाबदारी व खर्च मालकाचा.’ ते वाचून मी खूश झालो होतो. तेवढाच कंपनीचा खर्च वाचला! सेंद्रिय माल ठेवणाऱ्यानं ज्या कलमावर आधी लाल रेघ मारायची, त्यावर मी बरोबरची खूण केली होती.

मालकाला विचारलं तर तो सरळ म्हणाला, फेब्रुवारीअखेर चना यायच्या आधी भिंती आणि आपल्या थप्प्या फवारून घेतल्या, दरवर्षीच घेतो, तुमच्या मालाला हात लावला नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं कराराप्रमाणे काम केलं होतं.

तरी हा अंदाजच होता. खातरजमा करायला एक आयती वाट निघाली. महिला गटाकडे गावातच मिनी दालमिल आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली. गोदाम भरल्यामुळे ४१ पैकी ११ जणांची शेवटची थोडी तूर गोदामात न जाता घरून थेट या गिरणीवर गेली होती. त्या ११ जणांत दाजी होते. त्या डाळीचा नमुना तपासायला पाठवला. नऊ दिवसांनी रिपोर्ट आला, मॅलेथिऑनसकट सगळ्यापुढे ‘आढळलं नाही’. कोर्टात हा पुरावा टिकला असता असं नाही. दाजींनी गोदामात घातलेली पोती वेगळी आणि गिरणीवर नेलेली वेगळी असं वकील म्हणालाच असता. गावाला तेवढं पुरलं.

सगळ्यांची तूर वेगवेगळी का तपासली नाही, असं कुणीही विचारेल. एका नमुन्याच्या बहु-अवशेष तपासणीला काही हजार रुपये लागतात. ४१ नमुने म्हणजे गेल्या वर्षीचा नफा संपून वर कर्ज. शिवाय तपासायचं काय? काट्यावर कुणाच्याच तुरीचा नमुना बाजूला काढलेला नव्हता. पोती एकदा थप्पीला लागली की दाजींची तूर आणि काकूंची तूर एकच होते.

तोटा कुणाचा

९० क्विंटल तुरीची ६३ क्विंटल डाळ झाली होती. सेंद्रिय म्हणून ती किलोला १८५नं जाणार होती. साधी डाळ म्हणून एप्रिलच्या भावानं १५०. तोटा २ लाख २० हजारांच्या वर, कंपनीच्या दोन वर्षांच्या नफ्याइतका.

डाळ खायला वाईट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७च्या सेंद्रिय अन्न नियमांत अवशेषाची मर्यादा साध्या मालाच्या मर्यादेच्या ५ टक्के किंवा प्रयोगशाळेला मोजता येणारी किमान पातळी, यातलं जे जास्त ते. आमच्या डाळीतला आकडा त्या ५ टक्क्यांच्या वर आणि साध्या डाळीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत होता. बाजारातली रोजची डाळ म्हणून विकायला कायद्याची आडकाठी नव्हती.

बैठकीत एक संचालक म्हणाले, “नागपूरचा एक जण रिपोर्ट मागत नाही. पाकिटात भरून देऊन टाकू.” म्हणजे सेंद्रिय म्हणूनच. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय तिथंच मिटला. यावर लांब नैतिक चर्चा झाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण झाली नाही.

खरी चर्चा झाली ती तोटा कुणी सोसायचा यावर. सरांनी वहीत तीन पर्याय मांडून आणले होते : ४१ जणांकडून क्विंटलमागे ७०० परत घ्यायचे; पुढच्या वर्षीच्या खरेदीतून कापायचे; किंवा कंपनीनं गिळायचा. पहिल्याला मंडळातल्या पुरुषांचा बऱ्यापैकी होकार होता. तेव्हा दालमिल चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, “गोदाम कोणं पाहून दिलं? आमी?” भाडं ठरवलं संचालकांनी, करार वाचला मी, किल्ली सरांकडे. शेतकऱ्याचा गोदामाशी संबंध मापापुरता. पैसे काट्यावर देऊन टाकलेत म्हणजे व्यवहार पुरा झाला, त्यानंतरचं जे काही ते कंपनीचं. काकू एका वाक्यात म्हणाल्या, “व्यापाऱ्याच्या गोदामात माल सडला तं तो आपल्याले पैसे वापस मांगते काय?” तोटा कंपनीनं घेतला.

पुण्याच्या ग्राहकाला सगळं कळवायचं ठरलं. सरांनी इंग्रजीत दोन पानी ईमेल तयार केला होता, त्यात ‘अनपेक्षित बाह्य कारणांमुळे’ असं काहीसं होतं. काकूंनी तो वाचून मागितला आणि मग फोन लावायला सांगितलं. फोनवर त्या म्हणाल्या की आमच्या गोदामात फवारणी झाली, शेतकऱ्यांची चूक नाही, आमची आहे, डाळ वापस पाठवा, गाडीभाडं आमचं. पुण्याच्या बाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी मिनी दालमिलची स्वच्छ निघालेली डाळ घेतली आणि पुढच्या वर्षीची मागणी ५० क्विंटलवरून ३०वर आणली. खरं बोलल्यानं विश्वास दुणावतो असं प्रशिक्षणात सांगतात. इथं तो चाळीस टक्क्यांनी घटला, तुटला मात्र नाही.

राहिले दाजी. सभासदांची बैठक लांबली, कारण २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं आणि शाळेत केंद्र. ती मेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी समाजमंदिरात झाली. काकू उभ्या राहिल्या, गोदामाचं सगळं सांगितलं आणि दाजींकडे वळून हात जोडले. “दाजी, तुमच्या घरी पंचनामा झाला थो कंपनीनं केला. मी नव्हती, हे काही कारण नाही. माफी असू द्या.” सर बाजूला उभे होते. त्यांनी राजीनामा लिहून आणला होता, तो काकूंनी घेतला नाही.

इथं माझं आणि काकूंचं मत वेगळं पडतं. राजीनामा घेऊ नये हे बरोबरच. पण सरांच्या वाटची माफी काकूंनी मागून टाकली, तिथं चुकलं. आरोप ज्या ग्रुपवर, ज्याच्या नावानं गेला, माफी त्याच ग्रुपवर त्याच नावानं आधी जायला हवी होती. ती गेली दुसऱ्या दिवशी, काकूंनी सांगितल्यावर. वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं की हे कुणी लिहायला लावलंय. आईनं पोराच्या वतीनं शेजारी जाऊन माफी मागावी तसं ते झालं, आणि सर आणखी एक वर्ष ‘पोरगं’च राहिले. २७ वर्षांच्या व्यवस्थापकाला मोठं होऊ द्यायचं तर त्याची चूक त्याला स्वतःच्या तोंडानं फेडू द्यावी लागते. काकूंचं म्हणणं वेगळं : “दाजीले थ्या दिवशी पोराचं तोंड नको होतं, माह्यं पाह्यजे होतं.” त्या दाजींना चाळीस वर्षं ओळखतात. मी नाही.

दुसरी पुडी

मेच्या शेवटी सरांनी नवा प्रस्ताव आणला. उत्पादक कंपनीच्या कायद्यातच एक तरतूद आहे : सभासदाला मालाची किंमत सुरुवातीला मंडळ ठरवेल तेवढी द्यायची, उरलेली रोखून ठेवून नंतर द्यायची. सरांचं म्हणणं, २० टक्के रोखू, रिपोर्ट स्वच्छ आला की देऊ. हिशेबानं बिनतोड, कर्जही कमी लागणार. मंडळ जवळजवळ तयार झालं होतं.

काकूंचा विरोध भावनेचा आहे असं आम्हाला वाटलं. काट्यावर पैसे हा त्यांचा शब्द, तो मोडवत नाही, एवढंच. पण त्यांचा प्रश्न धारदार होता. “या वर्षी वीस टक्के रोखले असते, तं रिपोर्ट आल्यावर कोणाचे बुडले असते?” सगळ्या ४१ जणांचे. चूक गोदामाची आणि दंड शेतकऱ्याला. शिवाय पैसे आपल्याच हातात असल्यामुळे नववं पान कुणी उघडलंच नसतं. मला ही गोष्ट तोवर सुचलेली नव्हती. पैसे रोखायची सोय कंपनीच्या हातात आली की आपली चूक शोधायची गरज तिला उरत नाही.

मग काकू म्हणाल्या, आधी कंपनीला बांधा, मग शेतकऱ्याला. कशी बांधायची यावर तीन बैठका गेल्या. धागा सापडला तो सरांनाच. अन्नसुरक्षा अधिकारी दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो, वाद झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेला द्यायला भाग शिल्लक राहावा म्हणून. तसंच काट्यावर करायचं. प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यांतून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पुड्या काढायच्या, दोन्हींवर शेतकऱ्याची आणि मापाऱ्याची सही, तारीख, लाखेचा ठिपका. एक पुडी कंपनीत, दुसरी शेतकऱ्याच्या घरी. तपासणी सगळ्यांच्या एकत्र नमुन्याचीच. ती बिघडली तर राखीव पुड्या गटागटानं तपासायच्या. पुड्या स्वच्छ निघाल्या तर चूक कंपनीची आणि पैसे पूर्ण.

पैसे रोखायचेही ठरले, पण वेगळ्या जागी. काट्यावर बाजारभाव पूर्ण, त्याच दिवशी. रोखायचे ते फक्त वरचे ७०० रुपये, रिपोर्ट येईपर्यंत. आणि रिपोर्ट ४५ दिवसांत आला नाही तर कंपनीनं ते आपोआप द्यायचे, कारण न विचारता. या शेवटच्या अटीवर सर अडले होते. प्रयोगशाळेच्या उशिराचा भुर्दंड आपण का सोसायचा? दालमिलवाल्या ताईंनी उलट विचारलं, मग आम्ही का?

गोदामाचं काम तुलनेनं सोपं निघालं. व्यापाऱ्याचं गोदाम सोडलं. भुंगा अख्ख्या दाण्याला लागतो, डाळीला फारसा नाही, हे बायकांना आईपासून माहीत होतं. म्हणून तूर साठवून डाळ करण्यापेक्षा तूर येईल तशी भरडायची आणि डाळच ठेवायची असं ठरलं. उरलेल्या तुरीला कडक ऊन आणि हवाबंद पिशव्या. मिनी दालमिल आता तीन महिने रोज चालते. लाइट असते त्या वेळी.

त्या ६३ क्विंटलचं काय झालं तेही सांगून टाकतो. उन्हाळ्यात तुरीचा बाजार चढत बारा हजारांच्या आसपास गेला, डाळही चढली. कंपनीनं जूनमध्ये साधी डाळ म्हणून १६८नं विकली आणि तोटा २ लाख २० हजारांवरून १ लाख ७ हजारांवर आला. यात कुणाचंही व्यवस्थापन नव्हतं. त्याच चढत्या बाजारामुळे काही सभासद म्हणू लागले की कंपनीनं फेब्रुवारीत आमची तूर स्वस्तात उचलली.

२०२५च्या हंगामात नवा नियम पहिल्यांदा लागला. तोवर बाजार उलटला होता. हमीभाव ७,५५० आणि खुल्या बाजारात तूर त्याच्याही खाली. कंपनीनं हमीभावच बाजारभाव धरला. सरकारी खरेदीला ऑनलाइन नोंदणी, मेसेजची वाट आणि मग खात्यात पैसे यायची वाट. इथं काट्यावर ७,५५० रोख आणि वरचे ७०० नंतर. ३८ शेतकरी आले. जुन्यांतले नऊ आले नाहीत, सहा नवे आले. सरांनी अहवालात ‘नव्या पद्धतीला सभासदांचा उत्तम प्रतिसाद’ असं लिहिलं, ते मी खोडायला लावलं. नियम पटला म्हणून आले की बाजार पडला म्हणून, हे तूर पुन्हा दहा हजारांवर जाईल त्या वर्षी कळेल. रिपोर्ट ३१व्या दिवशी आला, स्वच्छ. सातशे-सातशे वाटले गेले.

दाजी त्या हंगामात काट्यावर आले नाहीत. त्यांच्या घरची तूर आली, घरातल्या आजींच्या नावानं. त्याही सभासद आहेत. सही करून त्यांनी पुडी पदरात बांधली. गटाच्या तपासणीला दाजी जातात, पहिल्यासारखेच, फक्त आता कुणाच्या वावरात त्रुटी दिसली तर ग्रुपवर न टाकता वहीत लिहून सही घेतात. ही पद्धत कुणी ठरवून दिलेली नाही.

ऑगस्टमध्ये राखीव पुड्यांची मोजणी झाली. कंपनीतल्या ३८ पुड्या होत्या. घरोघरच्या चौतीस भरल्या. चार घरी पुडी शिजली होती. एका आजीबाईंनी सांगितलं, पाहुणे आले, घरात डाळ नव्हती, अर्धा किलो तूर रात्री भिजवून सकाळी भरडली. सर म्हणाले, नियमात याची तरतूदच नाही. बैठकीपुढे विषय आला की पुडी सांभाळल्याबद्दल शेतकऱ्याला अर्ध्या किलोचे पैसे द्यायचे का. काकू हो म्हणाल्या, सर नको म्हणाले. पैसे दिले तर ती पुडी कंपनीची होते, मग ती त्यांच्या घरी ठेवण्यात अर्थ काय? मापाऱ्याचं मत विचारलं तर तो म्हणाला, पुडीत थोडा निंबाचा पाला टाका, कोणी शिजवणार नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.